एका खोलीतील दोन अर्थव्यवस्था : संमिश्र समाज आणि मराठी साहित्याची दृष्टी

१

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीस दिवसांच्या अंतराने दोन निर्णय दिले. ५ नोव्हेंबरच्या निर्णयात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने असे सांगितले की, खाजगी मालकीची प्रत्येक वस्तू ही राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (ख) मध्ये अभिप्रेत असलेली समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. काही वस्तू ठराव्यात, काही ठरू नयेत, आणि ते त्या वस्तूचे स्वरूप, तिची दुर्मिळता व समाजावरील तिचा परिणाम पाहून ठरवावे. २५ नोव्हेंबरला दुसऱ्या पीठाने, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आलेला 'समाजवादी' हा शब्द वगळण्याची मागणी फेटाळली. मात्र ती फेटाळताना, आपल्याकडे समाजवाद म्हणजे कल्याणकारी राज्य आणि खाजगी उद्योगाला त्याची आडकाठी नाही, असा त्या शब्दाचा अर्थही लावून दिला. म्हणजे शब्द राहिला, आणि त्याच्या शेजारी भांडवलही राहिले. भांडवलशाही व समाजवाद एका समाजात एकत्र नांदू शकतात काय, या जुन्या प्रश्नाला न्यायसंस्थेने असे उत्तर दिले की, ते नांदतच आहेत.

पहिल्या खटल्याविषयी जे लिहिले-बोलले गेले त्यात त्याचे मूळ बहुधा झाकले गेले. हा खटला कोणत्याही कारखान्याचा किंवा खाणीचा नव्हता. तो मुंबईतील जुन्या, उपकरप्राप्त इमारतींचा, म्हणजे मुख्यतः चाळींचा होता. म्हाडा कायद्यात १९८६ साली एक नवे प्रकरण घालण्यात आले. त्यानुसार सत्तर टक्के रहिवाशांच्या सहकारी संस्थेने मागणी केल्यास, मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मालकाला देऊन मोडकळीस आलेली इमारत संपादन करता येणार होती. मालकांच्या संघटनेने १९९२ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि एका चाळीच्या मालकीचा प्रश्न तीन दशकांहून अधिक काळ फिरत फिरत 'समाजाचे काय आणि माणसाचे काय' या प्रश्नापर्यंत जाऊन पोहोचला. राज्यशास्त्राच्या पुस्तकात हा प्रश्न व्यवस्थांचा असतो. मुंबईत तो दहा बाय बाराच्या खोलीचा आहे. प्रस्तुत लेख अर्थशास्त्राचा नाही. मराठी साहित्याने ही खोली कशी पाहिली, आणि तिच्यात एकाच वेळी राहणाऱ्या दोन अर्थव्यवस्था आपल्या समीक्षेला का दिसल्या नाहीत, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

तत्पूर्वी एक संदर्भ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मूलभूत उद्योग, विमा व शेती यांवर राज्याची मालकी असावी आणि ही तरतूद घटनेतच लिहून ठेवावी, अशी मागणी केली होती. पुढच्याच वर्षी, १५ नोव्हेंबर १९४८ रोजी, के. टी. शहा यांनी घटनेत 'समाजवादी' हा शब्द घालण्याची सूचना मांडली तेव्हा त्यांनीच तिला विरोध केला. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे, अशी त्यांची भूमिका होती. यात विसंगती शोधणारे पुष्कळ आहेत. आमच्या मते यातून एक तारतम्य दिसते. पहिल्या वेळी त्यांनी वस्तू मागितली होती: कोणती मालकी कोणाकडे, हे नेमके लिहिलेले कलम. दुसऱ्या वेळी समोर आलेले होते एक विशेषण. कलमाशिवायचे विशेषण किती लवचीक असते याचा अनुभव पुढे आवडीच्या १९५५ च्या काँग्रेस अधिवेशनातील 'समाजवादी धर्तीच्या समाजरचने'च्या ठरावापासून २०२४ च्या निर्णयापर्यंत सतत येत राहिला. 'धर्ती' या शब्दात किती सोय आहे! टाटा, बिर्ला, ठाकुरदास प्रभृती उद्योगपतींनी १९४४ साली जी 'मुंबई योजना' मांडली तिच्यात राज्याच्या मोठ्या हस्तक्षेपाला आधीच मान्यता होती; पोलाद, वीज, रेल्वे यांचा जड खर्च राज्याने उचलावा हे भांडवलाला हवेच होते. तात्पर्य, भारतात हे दोन पक्ष प्रथम भांडले आणि नंतर तडजोडीला आले, असे घडलेले नाही. ते आरंभापासून एकाच बैठकीत होते.

२

मुंबईच्या खोलीचा इतिहास एका गोठवलेल्या आकड्यापासून सुरू होतो. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाण भाडे मानले. युद्धकाळातील टंचाईवर तात्पुरता उपाय म्हणून आलेली ही तरतूद वारंवार मुदतवाढ मिळून अर्धशतक टिकली. भाडेकरूला काढता येईना आणि भाडे वाढवता येईना. घरमालकाच्या दृष्टीने इमारत ही उत्पन्न देणारी मालमत्ता राहिली नाही. त्याने दुरुस्ती थांबवली. इमारती पडू लागल्या, तेव्हा राज्याने उपकर बसवून दुरुस्ती स्वतःकडे घेतली. आणि या सगळ्याच्या आतून, कायद्याने निषिद्ध असलेली पण सर्वांना ठाऊक असलेली 'पागडी' वाढली. राज्याने बाजारापासून राखून ठेवलेला राहण्याचा हक्क हाच बाजारात विकला जाऊ लागला. संरक्षण जितके बळकट तितकी पागडी जबर. १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेले भाडे कालौघात अवाजवी ठरले असल्याचे सांगितले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने भाड्यात अल्प वाढ दिली आणि पागडीला मान्यताही दिली. भाडे समाजवादी आणि हस्तांतर भांडवलशाही, असा हा करार आहे, आणि तो एकाच खोलीवर, एकाच पावतीपुस्तकात नोंदलेला आहे.

या पार्श्वभूमीवर 'बटाट्याची चाळ' (१९५८) पुन्हा वाचून पाहावी. पु. ल. देशपांडे यांच्या या पुस्तकावर 'चाळसंस्कृतीचे चित्रण' असा शिक्का इतका घट्ट बसला आहे की तिच्या विनोदाची आर्थिक अट कोणी तपासलीच नाही. ही चाळ हसवते याचे एक कारण असे की तिच्यातून कोणी कोठे जात नाही. त्रिलोकेकर, कोचरेकर मास्तर, अण्णा पावशे यांना एकमेकांचा कंटाळा आलेला आहे, पण त्यांच्या शेजाराला पर्याय नाही. पात्रे स्थिर, स्वभाव स्थिर, भांडणे स्थिर. प्रसंगनिष्ठ विनोदाला लागणारी ही स्थिरता लेखकाच्या कल्पनेइतकीच भाडे नियंत्रण कायद्याचीही देणगी आहे. पदव्युत्तर वर्गात हे पुस्तक शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले होते, 'ही माणसे दुसरीकडे राहायला का जात नाहीत?' भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार हीच ज्या पिढीची स्वाभाविक स्थिती आहे, तिला हा प्रश्न पडणारच. तिला दिलेले उत्तर आम्हांला त्या वेळी साहित्याच्या बाहेरचे वाटले होते. आज वाटत नाही. शेवटच्या 'एक चिंतन' मधील विषण्ण सूर हा परस्परांच्या आधाराने जगण्याच्या एका रीतीचा शोक आहे. त्या रीतीचे श्रेय मात्र माणसांच्या चांगुलपणाकडे जाते. जिने बाजाराला दाराबाहेर उभे केले ती कायद्याची चौकट निवेदकाला दिसत नाही. हा दोष पु. लं.चा म्हणता येणार नाही. विनोदकाराने घराच्या करारनाम्याकडे पाहावे ही अपेक्षा अवाजवी ठरेल. समीक्षकाने मात्र पाहावयास हवे होते.

दाराबाहेर कोण उभे होते, हे भाऊ पाध्ये यांच्या 'वैतागवाडी'ने साठच्या दशकात सांगितले. जागेच्या शोधात मुंबईभर वणवण करणारा पाध्यांचा नायक हा त्याच कायद्याचा दुसरा चेहरा आहे. आतल्याला जे अभय मिळाले त्याची किंमत बाहेरच्याने भरली. पागडीला पैसा नाही आणि भाड्याने जागा नाही, अशा माणसाच्या लेखी चाळीतील जिव्हाळा हा बंद दाराआडून ऐकू येणारा आवाज आहे. ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचण्याची प्रथा आपल्याकडे नाही. एक विनोदी वाङ्मयात आणि दुसरे 'नागर अनुभवाच्या कादंबरीत' वर्गीकृत झाले आणि त्यांच्यात असलेले मालक-भाडेकरू-उपरा हे नाते वर्गीकरणात हरवले.

आणखी एक दार होते. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेचा नायक रेल्वेतल्या नोकरीला लागलेला आहे. रेल्वे म्हणजे सार्वजनिक क्षेत्राचे सर्वांत मोठे उदाहरण. परंतु ही नोकरी त्याला राहण्याची जागा आणि शेजार मिळवून देत नाही. त्यासाठी जात चोरावी लागते. मालकी राज्याची झाली म्हणजे वस्तू समाजाची झाली, असे मानणाऱ्यांना ही कथा एक अवघड प्रश्न विचारते: कोणत्या समाजाची? गिरणगावातही हेच होते. कोकणातील गावांच्या ग्रामस्थ मंडळांच्या खोल्यांमध्ये पाळीपाळीने झोपणारे पुरुष एकमेकांचे आजारपण, बेकारी, गावचे कर्ज सांभाळत. हे सामूहिक जीवन अस्सल होते, पण त्याची सीमा गावाची, नात्याची आणि बहुधा जातीची होती. आणि ज्या गिरण्यांत हे सारे काम करीत, तेथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. समाजवाद व भांडवलशाही यांच्या सहजीवनाचा आपला हिशेब दोनच पक्षांचा मांडला जातो. जात हा तिसरा पक्ष दोघांशीही घरोबा राखून होता.

३

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालील सुमारे अडीच लाख कामगारांचा हा संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही. तो विरून गेला. त्याची कारणमीमांसा पुष्कळ झाली आहे, तिची पुनरुक्ती येथे नको. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यानंतर काय झाले हे अधिक बोलके आहे. १९८३ साली मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन शासनाने हाती घेतले आणि त्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. पुढे १९९५ मध्ये त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. यंत्रसामग्रीत पैसा न घालता दशकानुदशके नफा काढून घेतलेल्या गिरण्या आजारी पडल्यावर समाजाच्या झाल्या. नफा खाजगी, तोटा सार्वजनिक: संमिश्र अर्थव्यवस्थेची ही एक रीत सर्वपरिचित आहे. परंतु गोष्ट तेथे संपली नाही. तोट्यातील गिरणीखाली जमीन होती.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील अठ्ठावन्नावा नियम वाचताना प्रस्तुत लेखकाला नेहमी वाटते की, सहअस्तित्वाचा इतका स्वच्छ नकाशा कोणत्याही राजकीय सिद्धान्तात काढलेला नसेल. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करावयाचा तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. नागरिक, राज्य, भांडवल. प्रत्येकाला एक वाटा. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली. वाटे तीनच राहिले. मात्र ते संपूर्ण जमिनीचे होणार नव्हते. मूळचीच जी मोकळी असेल तेवढ्या जमिनीचे होणार होते. गिरणीच्या बहुतेक जमिनीवर तर गिरणीच उभी होती. एका व्याख्येतील बदलाने दोन तृतीयांशांचा अर्थ बदलला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. तोवर, २००५ मध्ये, सार्वजनिक मालकीच्या त्या महामंडळाने स्वतःच मुंबईतील पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावाने विकल्या होत्या. राज्य येथे समाजाचा विश्वस्त होते की जमिनीचा व्यापारी? दोन्ही होते, आणि एकाच सहीने.

सहअस्तित्वाच्या सीमारेषा कायद्याने आखल्या जातात, पण त्या जागच्या जागी टिकतात त्या कोणीतरी तेथे उभे असल्यामुळे. १९८२ पूर्वी गिरणगावात संघटित कामगार उभा होता. त्याची ताकद मोडल्यावर रेषा सरकली. तिला सरकवण्यासाठी 'समाजवादी' हा शब्द कोठूनही खोडावा लागला नाही.

जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक या सरकत्या रेषेवर उभे आहे. त्याचे वाचन सामान्यतः गिरणी कामगाराच्या विनाशाची शोकांतिका म्हणून होते. ते चूक नाही, अपुरे आहे. सबंध नाटक चाळीतील एका खोलीत घडते, या गोष्टीकडे मराठी समीक्षेने नेपथ्याची सोय म्हणून पाहिले. पण खोली हे येथे नुसते स्थळ उरत नाही. गिरणी गेली, पगार गेला, संघटना गेली, खोली राहिली. कामगाराच्या आयुष्यातील भांडवलशाहीचा भाग कोसळला आहे आणि संरक्षित भाग तेवढा शिल्लक आहे. माणसांना बाहेर ढकलून देणारी अर्थव्यवस्था आणि आत धरून ठेवणारी अर्थव्यवस्था यांच्यामध्ये धुरी कुटुंब अडकलेले आहे. लेखक होऊ पाहणारा थोरला मुलगा, गुन्हेगारीकडे ओढला गेलेला दुसरा, या सर्वांचा भार सोसणारी आई: यांपैकी कोणालाही ही जागा सोडता येत नाही आणि कोणालाही तिच्यात जगता येत नाही. 'बटाट्याची चाळ'मध्ये जी स्थिरता विनोदाची अट होती तीच येथे शोकात्मतेची अट झाली आहे. मधल्या चाळीस वर्षांत खोली बदललेली नाही. तिच्याबाहेरचा पगार संपला आहे, आणि तिच्याखालची जमीन सोन्याची झाली आहे. या दुसऱ्या गोष्टीचा नाटकात फारसा उच्चार नाही. परंतु १९९७ मध्ये प्रेक्षागृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला परळच्या रस्त्यावर ती दिसू लागली होती.

'अधांतर' या शब्दाला परंपरेचाही एक आधार आहे. त्रिशंकू स्वर्गातही नाही आणि पृथ्वीवरही नाही. पवारांची माणसे मात्र दोन्हीकडे आहेत, हे त्यांचे दुर्दैव आहे. भाड्याच्या पावतीवर ती एका समाजातील नागरिक आहेत, रोजगाराच्या बाजारात दुसऱ्या. पवारांना हे प्रबंधाच्या भाषेत मांडावे लागले नाही, कारण त्यांनी एक खोली घेतली आणि तिचे दार उघडे ठेवले.

४

ग्रामीण महाराष्ट्रातील सहजीवनाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सहकारी साखर कारखाना. त्याचा विचार येथे थोडक्यातच करणे शक्य आहे, पण तो टाळता येणार नाही. प्रवरानगरचा कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला तो विठ्ठलराव विखे पाटील यांच्या संघटनकौशल्यावर आणि धनंजयराव गाडगीळांच्या अर्थविचारावर. गाडगीळांना सहकार हा भांडवलशाही व राज्यसमाजवाद यांच्यातील मधला टप्पा वाटत नव्हता. स्वतंत्र सहकारी समाजरचना हे त्यांचे ध्येय होते. भाग किती का असेनात, सभासदाला मत एकच, हे सूत्र भांडवलाच्या तर्काला छेद देणारे होते, आणि त्याने नगर, सांगली, कोल्हापूर या भागांचा कायापालट केला हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु तोच सभासद आपल्या फडात ऊस तोडणाऱ्या कामगाराच्या संदर्भात कोण असतो? नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजली जाते. मुकादमाने हंगामापूर्वी दिलेली उचल फेडण्यासाठी ती बीडहून, नगरच्या दुष्काळी तालुक्यांतून येते. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी आणि मुकादमाशी; कोयत्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. सभासदाला मत आहे, कोयत्याला नाही. कारखान्याच्या कुंपणाच्या आत लोकशाही आणि फडात वेठीची छाया, आणि दोहोंना जोडणारी उसाची एकच मोळी. साखरेचेही तसेच. १९६७ पासून २०१३ पर्यंत एकाच कारखान्याच्या साखरेला दोन भाव होते: लेव्हीची साखर ठरलेल्या दराने रेशनच्या दुकानात आणि उरलेली खुल्या बाजारात. प्रमाण वेळोवेळी बदलत गेले, पण तत्त्व तेच राहिले. घरात दोन डबे असत. पाहुण्यांच्या चहाला कोणती साखर घालायची, हे गृहिणी ठरवीत असे. नियोजन आणि बाजार यांच्यातील रेषा फळीवरच्या त्या दोन डब्यांमधून जात होती.

आपल्या राजकीय-सामाजिक कादंबरीने या विश्वाकडे पाहिले ते मुख्यतः ऱ्हासाच्या दृष्टीने. ध्येयवादी आजोबा, व्यवहारी मुलगा, भ्रष्ट नातू: हा आराखडा इतका रुळला आहे की कादंबरी उघडण्यापूर्वीच तिचा शेवट कळतो. स्वातंत्र्यचळवळीतून सत्ताकारणाकडे झालेला प्रवास विस्ताराने पाहणारी रंगनाथ पठारे यांची 'ताम्रपट' (१९९४) ही या आराखड्याच्या बरीच पुढे जाते. सत्ता ही माणसांच्या नात्यागोत्यांत कशी विणली जाते, हे दाखवताना ती कोणाला देव किंवा दानव करीत नाही. पण ही अपवादात्मक गोष्ट झाली. ऱ्हासाच्या कथनात एक मोठी सोय असते: मूळ आदर्श निष्कलंक राहतो. मूळ बैठकीतच दोन्ही पक्ष होते, सभासदाच्या मताबरोबरच कोयत्याचे मतहीन असणेही त्याच दिवशी ठरले होते, हे मग सांगावे लागत नाही. नातू वाईट निघाला, एवढे पुरते.

५

समीक्षेकडे वळू. लालजी पेंडसे यांच्या 'साहित्य आणि समाजजीवन'पासून (१९३५) आपल्याकडे वर्गदृष्टीने साहित्याकडे पाहण्याची परंपरा आहे. या परंपरेने केलेले काम मोठे आहे, परंतु तिने एक सवयही लावली: पात्राला वर्ग नेमून देण्याची. लुकाचची 'प्रातिनिधिक व्यक्तिरेखा' ही संकल्पना आपण वर्गाचा प्रतिनिधी या अर्थाने उचलली. कामगार पात्र कामगारवर्गाचे, मालक मालकवर्गाचा. लुकाचला अभिप्रेत असलेला अर्थ याहून अवघड होता. एका कालखंडातील परस्परविरोधी शक्ती जिच्यात एकत्र येऊन निर्णायक रूप घेतात ती व्यक्तिरेखा प्रातिनिधिक. या अर्थाने पाहिले तर आपल्या समाजातील प्रातिनिधिक माणूस शुद्ध कामगारही नाही आणि शुद्ध मालकही नाही. तो संरक्षित भाडेकरू आहे आणि पोटभाडेकरूचा मालकही; कारखान्याचा सभासद आहे आणि कोयत्याचा धनी; राष्ट्रीयीकृत बँकेत संघटित कर्मचारी आहे आणि संध्याकाळी शेअर बाजारात गुंतवणूकदार. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यातून जो पांढरपेशा वर्ग स्थिरावला त्याच्या दोन पिढ्या मराठी साहित्य लिहीत आणि वाचत आल्या आहेत. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच. अनुदानित महाविद्यालयाच्या पगारावर आणि अनेक वर्षे जुन्या भाड्याच्या घरात राहून आम्ही बाजारव्यवस्थेवर टीका केली. ती टीका खोटी नव्हती, पण ती कोणत्या छपराखाली बसून लिहिली हे आम्ही कधी लिहिले नाही.

दुसऱ्या बाजूला, मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारातून पुढे आलेल्या स्वायत्ततावादी समीक्षेने हा सगळा प्रपंच 'साहित्यबाह्य' म्हणून दूर ठेवला. सत्तरच्या दशकातील बांधिलकीचा वाद या दोन टोकांमध्ये लढला गेला, आणि दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य होती: साहित्यकृतीत येणारी अर्थव्यवस्था ही विषय म्हणून, आशय म्हणून येते. एक पक्ष म्हणे, ती यावी. दुसरा म्हणे, तिच्यावरून मूल्य ठरवू नये. भाड्याचा गोठवलेला आकडा विनोदी पुस्तकाची स्थिरता घडवतो आणि नाटकाला त्याची एकमेव खोली देतो, म्हणजे अर्थव्यवस्था रूपाच्या पातळीवर काम करते, ही शक्यता दोघांच्याही कक्षेबाहेर राहिली.

येथे एक आक्षेप संभवतो. भाडे नियंत्रण, लेव्ही, सहकार यांना समाजवाद म्हणावे काय? ही तर भांडवलशाहीनेच स्वतःच्या सोयीसाठी केलेली मलमपट्टी. कामगाराला स्वस्त घर म्हणजे मालकाला स्वस्त मजुरी. या आक्षेपात तथ्य आहे. गिरणीमालकांनी चाळभाड्याच्या नियंत्रणाला फार मोठा विरोध केल्याचे दिसत नाही, तो घरमालकांनी केला. पण आक्षेप शेवटपर्यंत नेला तर त्यातून असे निष्पन्न होते की, संपूर्ण समाजवाद येईपर्यंत वाटेतील कोणतीही गोष्ट समाजवादी नव्हती. मग १९८२ च्या संपात अठरा महिने आणि त्याहून अधिक काळ पगाराविना तगून राहिलेल्या कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर काय होते? गावाकडच्या भाकरीइतकाच त्या न वाढलेल्या भाड्याचा आधार त्या तगण्याला होता. ज्या गोष्टीमुळे श्रमिकाला 'नाही' म्हणता येते तिला मलमपट्टी म्हणून सोडून देणे हे सिद्धान्ताला परवडेल, इतिहासाला परवडत नाही. उलट बाजूने, ते छप्परच पुढे पागडीचे आणि पुनर्विकासातील चटईक्षेत्राचे भांडवल झाले, हेही तितकेच खरे आहे. दोन तत्त्वे एकत्र राहतात ती शेजाऱ्यांसारखी नव्हे. एकाचे दुसऱ्यात सतत रूपांतर होत असते, आणि कोणत्या क्षणी कोणते रूप वरचढ ठरेल हे त्या क्षणी कोण संघटित आहे यावर अवलंबून असते. साहित्याला पकडता येतो तो हा रूपांतराचा क्षण. खोली विकण्याचा निर्णय घेताना घरात जे बोलणे होते, जे बोलणे टाळले जाते, बहिणीचा हिस्सा ज्या पद्धतीने विषयाबाहेर ठेवला जातो, त्यात हा क्षण असतो.

गिरण्यांच्या जमिनीवर म्हाडाच्या वाट्याला जे आले त्यावर कामगारांसाठी घरे बांधण्यात आली आणि २०१२ पासून त्यांच्या सोडती निघू लागल्या. अर्ज सुमारे दीड लाख कामगारांचे आणि त्यांच्या वारसांचे. घरे त्या मानाने फारच थोडी. ज्याला घर लागले त्याला ते ठरावीक वर्षे विकता येणार नाही, अशी अट. म्हणजे काही वर्षे ते घर समाजाचे, त्यानंतर बाजाराचे. वाटप गरजेनुसारही नाही आणि पैशानुसारही नाही. ते नशिबानुसार आहे. सभागृहात नावे पुकारली जात असताना मागच्या रांगांत बसलेल्या, कानाला हात लावून ऐकणाऱ्या वृद्ध स्त्रियांपैकी बहुतेकींच्या पतीचे नाव गिरणीच्या ज्या हजेरीपटावर होते, ती गिरणी आता नाही. 'अधांतर'मधील आईनंतरची ही पिढी आहे. ती पत्ता सांगते तो अजून जुन्या चाळीचाच.